अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर

१२ ऑगस्ट

आले एकदाची. एक्कावन्नाव्या वर्षी नवी नवरी म्हणून कुणाच्या घरात शिरणं म्हणजे नाटकाचा तिसरा अंक सुरू झाल्यावर तिकीट काढणं. पण तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झालेल्या असतात, हवे तसे पाय पसरता येतात, हा फायदा कुणी सांगत नाही.

घर उंच आणि चिंचोळं आहे. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर तीन खोल्या. त्यातली खिडकीजवळच्या टेबलाची खोली मला लिहायला दिली आहे. गेली वीस वर्षं मी दर आठवड्याला वर्तमानपत्रात लोकांना चिमटे काढते. इतकी वर्षं ते काम जेवणाच्या टेबलावर, मिठाची बरणी बाजूला सारून करत होते. स्वतंत्र खोली मिळाल्यावर आता लिहायला काही सुचलं नाही तर कुणाला बोल लावायचा, हा प्रश्नच आहे.

नवरा निवृत्त वजनमापे निरीक्षक. आयुष्यभर दुकानदारांच्या तागड्या तपासल्या; आता कसलीच तपासणी नको म्हणतात. मी त्यांना मनातल्या मनात निरीक्षकच म्हणते. वर्तमानपत्र हात लांब करून वाचतात. हात अजून वीतभर लांब असते तर अग्रलेखही वाचता आला असता. चष्म्याचं नाव काढलं, तर म्हणाले, आमच्याकडे कुणाला काही नाही.

हे वाक्य या घराचं घोषवाक्य दिसतंय. त्यांच्या मोठ्या बहिणीनेही तेच ऐकवलं. या बहिणीचं लग्न झालंच नाही, घराचा सगळा कारभार त्यांच्याकडे. निरीक्षक त्यांना अक्का म्हणतात. मी ‘वन्सं’ म्हणायचं ठरवलंय. हा शब्द आमच्या आजीच्या पिढीबरोबर गेला असं समजत होते, पण जिभेवर मजेदार बसतो. वन्संचं अंग जड, चेहरा सुजट, आवाज घोगरा. ऑगस्टात शाल. त्यांनी एक वाक्य सुरू केलं, की मधे जाऊन चहा करून यावा, तरी क्रियापद यायचंच असतं. मला राहवलं नाही. विचारलं, थायरॉइड तपासलंय का कधी? जिना चढता चढता थांबल्या आणि (बऱ्याच वेळाने) म्हणाल्या, आमच्याकडे कुणाला काही नाही.

जिन्याच्या भिंतीवर एकसारख्या चौकटीतले फोटो आहेत. दर वर्षी एक, दाराबाहेरच्या पायरीवर उभं राहून काढलेला: निरीक्षक, वन्सं आणि पहिली बायको. शेवटच्या चौकटीत दोघंच. माझाही लवकरच काढायचा म्हणाले. केस रंगवून घ्यायला हवेत.

१४ ऑगस्ट

हे लग्न जमलं माझ्या गोळीमुळे, ही गंमत लिहून ठेवलीच पाहिजे. आधी तीन स्थळं आली होती. माझ्या गळ्यावरची आडवी खूण बघून तिघांनीही चहा अर्धा ठेवून घड्याळाकडे पाहिलं. आठ वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेत माझी थायरॉइडची ग्रंथीच काढून टाकली. तेव्हापासून अंगातला कारभार एका मसुरीएवढ्या पांढऱ्या गोळीवर चालतो. ती थांबली तर मी लगेच कोसळणार नाही. चावी न दिलेल्या घड्याळासारखी आधी मागे पडेन, मग थांबेन. हे मी प्रत्येकाला आधीच सांगत होते. वन्सं ते ऐकून खुलल्या. पहिलीलाही हीच गोळी होती, म्हणाल्या, आम्हाला सवय आहे. मला वाटलं, चला, जगात एक तरी मोठ्या मनाची नणंद शिल्लक आहे.

आज माझ्या गोळ्या त्यांनी ताब्यात घेतल्या. गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर पडलेल्या वाईट दिसतात, इथे सगळं कपाटात बाटलीत राहतं. डॉक्टरांची चिठ्ठीही मागून घेतली; औषधाच्या दुकानात त्या जातात. माझी ताई हे ऐकेल तर तिथून ओरडेल. ताईने मास्तरीण म्हणून चाळीस वर्षं काढली, आणि माझ्या गोळीचे नियम पाढ्यांसारखे पाठ करून घेतले. अनशापोटी घ्यायची, नुसत्या पाण्याबरोबर. पुढे अर्धा तास चहा नाही. मनाने कमी-जास्त करायची नाही. कंपनी बदलली तर डॉक्टरांना कळवून दीड महिन्याने रक्त तपासायचं. आपली गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, दुसऱ्याची आपण घ्यायची नाही. वन्संनी हे सगळं माझ्याकडून दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा तर डोळे मिटून, मान हलवत. शाळेत अशा मुली पहिल्या बाकावर असतात.

२९ ऑगस्ट

सुख म्हणतात ते हेच असावं. सकाळी डोळे उघडते तोवर वन्सं बशीत गोळी आणि पेल्यात पाणी घेऊन हजर. मी गोळी घेतली की खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहतात. अर्धा तास माझ्याबरोबर त्याही चहा घेत नाहीत. मी म्हटलं, तुम्ही कशाला थांबता? म्हणाल्या, सोबत म्हणून. निरीक्षक मात्र खाली भुरके मारत असतात, त्यांचा आवाज वर ऐकू येतो.

आणलेल्या गोळ्या संपल्या. वन्संनी इथल्या दुकानातून आणल्या, त्या जरा लहान दिसतात. दुसऱ्या कंपनीच्या, म्हणाल्या. नियमाप्रमाणे माझ्या डॉक्टरीणबाईंना फोन करून कळवलं. ऑक्टोबरात रक्त तपासा, म्हणाल्या.

इथल्या पाण्याला सकाळी किंचित गोडसर चव असते. दिवसभर नाही, सकाळीच. नळाचंही एखाद्या माणसासारखं असेल. चहा होईपर्यंत गोड.

कपाटात अजून एक बाटली आहे: साखरेऐवजी चहात टाकायच्या गोळ्यांची. मी म्हटलं, हे कुणासाठी? पाहुण्यांसाठी. आमच्याकडे कुणाला काही नाही, पण पाहुण्यांना मधुमेह असू शकतो. किती तो विचार! मी आल्यापासून या घरात पाहुणा म्हणून फक्त मीटर बघणारा आलाय.

२१ सप्टेंबर

लिहायला बसले, की झोप येते. गेल्या आठवड्याचा लेख तीन दिवस पुरवून लिहिला. नगरपालिकेला चिमटा काढायचा होता, पण मधेच वाटलं, जाऊ दे, त्यांनाही त्यांचे त्रास असतील. वीस वर्षांत असा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. संपादकांचा फोन आला. मला वाटलं, झापतील. तर म्हणाले, वाचकांची पत्रं आली आहेत, बाई हल्ली किती गोड लिहितात. मी फोन ठेवला आणि आरशात जाऊन बघितलं.

काही दिसलं नाही. गाल वर आलेत थोडे.

वन्संनी शाल काढून ठेवली. जिना न थांबता चढतात. काल जेवताना निरीक्षकांनी रस्सा अळणी आहे म्हटलं, तर त्या म्हणाल्या, नोकरीत असताना कुणी मीठ कमी तोललं तर सोडून द्यायचास ना, तसंच समज. मी हसले. मग वाटलं, हे मला सुचायला हवं होतं.

९ ऑक्टोबर

हातपाय गार. पंखा बंद करा म्हटलं, तर निरीक्षक म्हणाले, तो लावलेलाच नाही.

वन्संनी कपाटातून पहिलीचा स्वेटर काढून दिला. राखाडी, गुडघ्यापर्यंत येणारा. आले तेव्हा तो माझ्या अंगावर पोत्यासारखा लोंबला असता. आज बेतून शिवल्यासारखा बसला. खिशात तिचा रुमाल होता, घडी घातलेला. कपाटात तिचे स्वेटर लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावलेत. ती अंगाने कशी कशी वाढत गेली ते त्यांच्याकडे बघून कळतं. माझ्या अंगावरचा ओळीतला तिसरा. पुढे अजून चार आहेत.

बोटातली अंगठी निघत नाही. साबण लावला, तेल लावलं.

संध्याकाळी निरीक्षक कौतुकाने म्हणाले, की तू आल्यापासून घर कसं शांत झालंय. आणि तुझा पायगुण चांगला. पहिली आली तेव्हाही असंच झालं होतं. अक्का वर्षभर अंथरुणाला खिळली होती, आणि पहिली आली तशी दोन-तीन महिन्यांत उठून चालायला लागली. ती गेली आणि अक्का पुन्हा बसली. आता तू आलीस.

मी विचारलं, अक्कांना तेव्हा काय झालं होतं? ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी एखाद्या पुतळ्याच्या बुटांचा नंबर विचारला होता.

काही नव्हतं, म्हणाले. आमच्याकडे कुणाला काही नाही.

१७ ऑक्टोबर

आज रक्त न्यायला प्रयोगशाळेची मुलगी यायची होती. मी तिची वाट बघत बैठकीत बसले होते, तिथेच डोळा लागला. उठले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. वन्सं म्हणाल्या, अगं, दिलंस की रक्त. अर्धवट झोपेत हात पुढे केलास, तिने घेतलं आणि गेलीसुद्धा. आठवत नाही?

आठवत नव्हतं. हल्ली मला पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत. म्हणून मान हलवली.

मग भांडी पुसायला मदत करायला गेले. वन्संनी बाह्या वर सारल्या होत्या. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला औषधाची गोल पट्टी चिकटवलेली. मी बघतेय हे पाहून बाही खाली ओढली. कढईचा चटका बसला, म्हणाल्या.

वर येऊन खिडकीच्या उजेडात माझे दोन्ही हात तपासले. सुईची खूण नाही. कातडी कोरडी, पिवळट, पिठूळ. पण खूण कुठेच नाही.

२५ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. अगदी नॉर्मल.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. खूप गार वाटतं, आवाज बसलाय, केस जातात, अंग सुजलंय. त्यांनी शांतपणे ऐकलं. रिपोर्टवर माझंच नाव आहे आणि सगळे आकडे उत्तम आहेत, म्हणाल्या. वय आहे, जागा बदललीय, लग्न झालंय. झोप घ्या. आणि मनाने डोस वाढवू नका हं, हृदयाला त्रास होईल.

बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर सल्ला आहे. त्या पट्टीबद्दल सांगणार होते. पण वाक्य जुळवून होईपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता.

स्वतःला समजावतेय. ग्रंथी नसलेल्या बाईला औषध कमी पडलं की संशयही येतात, हे मी कुठेतरी वाचलंय. म्हणजे औषध कमी पडतंय असा संशय आला, तर तो औषध कमी पडल्यामुळे आलेला असू शकतो. पूर्वी यावर एक फर्मास लेख झाला असता.

६ नोव्हेंबर

हे नीट लिहून काढते. हळूहळू, पण नीट.

सकाळी बशीतली गोळी उचलताना बोटं वळेनात. गोळी निसटली आणि पाण्याच्या पेल्यात पडली. पडताच बुडबुडे आले आणि ती विरून गेली. वन्संनी पटकन पेला उचलायला हात पुढे केला. मी त्याआधी पिऊन टाकलं.

सरबत. सरबतासारखं गोड.

माझी गोळी अशी विरत नाही. आठ वर्षं रोज घेतलीय. आणि तिला कसली चव नसते.

वन्सं खिडकीजवळ जाऊन बसल्या. अर्धा तास. चहा न घेता. मी त्यांच्याकडे बघत राहिले. अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर, पुढे अर्धा तास चहा नाही. ही बाई माझ्या सोबतीला बसत नाहीये. ही ताईचे नियम पाळतेय.

दुपारी कपाट उघडलं. पाहुण्यांची बाटली तळाला गेलीय. पाहुणे कुठेत?

७ नोव्हेंबर

जिन्यात उभी राहून फोटो बघितले. कठड्याला धरून, एकेक पायरी.

पहिल्या चौकटीत पहिली बारीक, बोलता बोलता टिपलेली, तोंड उघडं. वन्सं शालीत, फुगलेल्या, डोळे अर्धे मिटलेले. पुढच्या चौकटीत पहिली गप्प. वन्संनी शाल काढलेली. त्यापुढे पहिलीचे गाल वर आलेले, वन्संच्या गालांची हाडं दिसायला लागलेली. मग पहिलीच्या भुवया बाहेरच्या टोकाला विरळ. मग भुवयांचा तेवढा भाग नाहीच. हे कशाने होतं ते मला माहीत आहे. शेवटच्या काही चौकटींत पहिली म्हणजे एक राखाडी स्वेटर आणि त्यावर एक शांत, फुगीर चंद्र. शेजारी वन्सं हसतायत, सडपातळ, तरतरीत.

मग नुसते वन्सं आणि निरीक्षक. शाल पुन्हा अंगावर.

त्यांना तोच आजार आहे. मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. पण या घराण्यात कुणाला काही असत नाही. आजार बाहेरून यायला हवा, सुनेबरोबर, सुनेच्या नावावर. डॉक्टर तिचा, चिठ्ठी तिची, गोळी अक्कांची. म्हणून त्या माझी गोळी ऐकून खुलल्या. मला पसंत केलंच नव्हतं कुणी. पसंत केली ती माझी चिठ्ठी, मी तिच्याबरोबर आले.

भुवया बघायला आरशापाशी गेले.

लिहीत नाही.

१३ नोव्हेंबर

औषधाच्या दुकानात गेले. कोपऱ्यावरच आहे, पण जाताना दोनदा भिंतीला टेकावं लागलं. औषधवाला भला माणूस. म्हणाला, बाई, चिठ्ठी दाखवल्याशिवाय नाही देता येत. आणि तुमच्या नावाच्या तुमच्या नणंदबाई परवाच घेऊन गेल्या, दोन महिन्यांच्या एकदम. किती काळजी घेतात तुमची. घरी बाटली बघा.

मी म्हटलं, त्या मला मिळत नाहीत. आवाज इतका घोगरा आणि शब्द इतके सावकाश, की तो मान तिरपी करून ऐकत राहिला, लहान मुलांचं ऐकतात तसा. मग त्याने घरी फोन केला. वन्सं न्यायला आल्या. भरभर चालत, छत्री फिरवत. औषधवाल्याला म्हणाल्या, की आमच्या भावजयीला रस्ता सापडतो, पण दिशा सापडत नाही. तो हसला.

असं मी बोलायचे.

१९ नोव्हेंबर

निरीक्षकांना सांगितलं. सगळं. बोलायला वेळ लागला. ते थांबले, ऐकलं. त्यांच्या टेबलावर जुन्या नोकरीतली पितळी वजनं मांडून ठेवलेली असतात. त्यातलं एक उचलून पुसत राहिले.

खोटं आहे, म्हणाले नाहीत.

म्हणाले, अक्काला दुखवू नकोस. तिने मला वाढवलंय. तिला बरं वाटलं, की घर चालतं. आणि तू आता किती छान झाली आहेस. आलीस तेव्हा फार बोलायचीस.

मी म्हटलं, मी मरेन.

म्हणाले, पहिलीही म्हणायची. पण पुष्कळ वर्षं जगली.

तिच्या गळ्यात ग्रंथी होती — अर्धीमुर्धी तरी चालत असणार. माझ्याकडे तीही नाही. हे सांगायचं होतं. ते खाली चहाला गेले होते.

२८ नोव्हेंबर

माझ्या गोळ्या वन्संच्या कमरेला असतात. छोटी पत्र्याची डबी, किल्ल्यांशेजारी. झोपतानाही.

काल त्यांना बिलगले. मायेने, असं दाखवलं. डबीपर्यंत हात गेला. बोटं वळत नाहीत. त्यांनी माझा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला. थोपटला.

वर्तमानपत्र आलं. माझा लेख छापलाय. तिखट, झणझणीत. मी लिहिलेला नाही. वन्सं म्हणाल्या, तू झोपली होतीस, संपादक ताटकळले होते, दिल्या मी चार ओळी खरडून. संपादकांचा निरोप आहे — बाई पुन्हा फॉर्मात आल्या.

चांगलाय लेख. तेच तर.

४ डिसेंबर

ताई येतेय. रविवारी. चार तास थांबणार.

फोनवर फार काही बोलता आलं नाही. वन्सं शेजारी. ताई म्हणाली, किती शांत वाटतेस गं मिरचे. लहानपणापासून मला मिरची म्हणते.

एकच काम करायचं. ताईच्या जिभेवर गोळी ठेवायची. बोलायला नको, पटवायला नको. गोड लागली की तिला कळेल. चाळीस वर्षं तिने पोरांच्या कॉप्या पकडल्यात.

वही देणार नाही. सदर समजून हसत बसेल — आणि वेळ जाईल.

रविवारी सकाळची गोळी गिळायची नाही. गालात ठेवायची, विरायच्या आत काढायची. रुमालात.

चिठ्ठी लिहून ठेवते. ताई, ही चाखून बघ. एवढंच.

एवढं लिहायला सकाळ गेली.

६ डिसेंबर

ताई आली.

गोळी वाचली. निम्मी विरली, निम्मी रुमालात.

ताईने मला बघितलं. चेहरा बदलला तिचा. विचारलं, हे काय? गोळी चालू आहे ना? मला वाटलं, सुटले. वन्संनी रिपोर्ट आणून दिला. ताईने चष्मा लावून वाचला. दोनदा. खांदे खाली आले. ताईचा रिपोर्टवर विश्वास आहे. मग म्हणाली, थंडी आहे, वय आहे — भरलीस जरा, सुख मानवलं.

वन्सं बोलत होत्या. सारखं. ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, वन्संबाई, तुम्ही अगदी आमच्या मिरचीसारख्या. ही पूर्वी अशीच होती.

मी चिठ्ठी दिली. रुमाल दिला.

ताईने मोठ्याने वाचलं. ताई, ही चाखून बघ.

वन्संचं बोलणं तुटलं. मी ताईकडे बघत होते. बोल म्हणत होते जिभेला. गो — एवढंच आलं.

ताईने गोळी ओळखली नाही. माझी रोजचीच म्हणून ओळखली. मग मास्तरणीचा चेहरा केला. काय शिकवलं होतं मी? दुसऱ्याची गोळी आपण घ्यायची नाही. आपली दुसऱ्याला द्यायची नाही. आज घेतलीच नाहीस ना? चुकवतेस, म्हणून असं होतं.

पाणी मागितलं. वन्संनी दिलं.

ताईने माझी हनुवटी वर केली, लहानपणी करायची तशी. माझ्या जिभेवर गोळी ठेवली. गिळेपर्यंत गळ्यावरून हात फिरवत राहिली. त्या खुणेवरून.

मायेने.

वन्संना म्हणाली, यापुढे तुम्हीच समोर बसून द्या हिला. वन्सं म्हणाल्या, देतेच की. रोज.

निघताना ताईने पायरीवर फोटो काढला. तिघांचा. निरीक्षक मधे. वन्सं हसतायत. मी — स्वेटर पाचवा. हस गं, म्हणाली. हसले असेन.

गाडी वळली. हात हलवला तिने.

वर आले. की आणलं. वही उघडी. अक्षर —

वन्सं खिडकीजवळ बसल्यात. पेन मागतायत. तू दमलीस, म्हणतात, पुढचं मी —

जिभेवर अजून गोड